पोटऱ्या भरलेल्या, पण पायात बळ नाही



मूल दीड वर्षाचे होऊनही चालत नाही, तेव्हा घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "मुलगे उशिरानेच चालतात." तीन वर्षांचे झाले तरी सारखे पडते, तेव्हा म्हणतात, "धांदरट आहे." चार-पाच वर्षांचे झाले, बदकासारखे डोलत चालू लागले, चवड्यांवर चालू लागले, जिन्याच्या प्रत्येक पायरीला कठडा धरू लागले, की मग "आळशी आहे" म्हणून रागावणे सुरू होते. आणि गंमत अशी, की याच मुलाच्या पोटऱ्या मात्र पहिलवानासारख्या भरलेल्या दिसतात. पाहुणे कौतुक करतात. आईला वाटते, पाय तर चांगले गुटगुटीत आहेत, मग हा पडतो कसा?

त्या पोटऱ्यांत भरलेले असते ते बळ नव्हे. तिथला स्नायू झिजून त्याच्या जागी चरबी आणि तंतुमय ऊतक साठलेले असते. या आजाराचे नाव ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. मराठीत आपण त्याला स्नायूंचा झिजेचा आजार म्हणू. साधारणपणे साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. आपल्या महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात अशी मुले कमी नाहीत. पुष्कळ घरांत मात्र आजाराचे नाव कळेपर्यंत मूल सात-आठ वर्षांचे झालेले असते. तोपर्यंत मालिश, अंगारे-धुपारे, ताकदीची औषधे आणि यकृताचे उपचार यांवर घरातला पैसा संपलेला असतो.

दुसरा अन्याय याहून मोठा. आजार "आईकडून आला" एवढे अर्धे वाक्य दवाखान्यातून घरी येते आणि त्या बाईचे जगणे कठीण होऊन बसते. म्हणून आजच्या लेखात या आजाराची मुळापासून माहिती घेऊ. आईवर येणारा आळ खोटा का, हेही समजून घेऊ.

घरच्या घरी पाहण्याची खूण

मुलाला जमिनीवर मांडी घालून बसवा आणि कशाचाही आधार न घेता उभे राहायला सांगा. निरोगी मूल झटकन उठते. या आजारातले मूल आधी पालथे होते, हातापायांवर येते, मग हात गुडघ्यांवर ठेवते, पुढे मांड्यांवर ठेवते आणि स्वतःच्याच अंगावर चढत असल्यासारखे वर येते. इंग्लंडचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी १८७९ साली ही खूण सांगितली. आजही जगभरातले डॉक्टर तीच पाहतात. तिला ना यंत्र लागते, ना पैसा. अंगणवाडीतल्या ताईला आणि शाळेतल्या गुरुजींनाही ती पाहता येईल.

ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो ते ड्यूशेन हे फ्रान्सचे डॉक्टर. १८६० च्या दशकात त्यांनी अशा मुलांची नीट नोंद केली. पण आजार होतो कशाने, हे कळायला पुढे सव्वाशे वर्षे लागली. १९८६-८७ साली अमेरिकेतील बोस्टन येथे लुई कुंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचे जनुक शोधले आणि त्या जनुकापासून तयार होणारे प्रथिनही शोधले. त्या प्रथिनाला त्यांनी डिस्ट्रॉफिन हे नाव दिले.

स्नायूत बिघडते काय?

आपला स्नायू म्हणजे लांब धाग्यांची जुडी. प्रत्येक धागा आकसतो, सैल होतो, पुन्हा आकसतो. चालताना, ओझे उचलताना, जिना उतरताना हे हजारो वेळा घडते. धाग्याच्या बाहेर एक पातळ पापुद्रा असतो. आतला ताण त्या पापुद्र्याला फाडू नये म्हणून आतली दोरी आणि बाहेरचा पापुद्रा यांना बांधून ठेवणारे प्रथिन म्हणजे डिस्ट्रॉफिन. शिवणकाम करणाऱ्या भगिनींना हे लगेच कळेल. जिथे ताण पडतो तिथे आपण दुहेरी शिलाई मारतो. ती मारली नाही, तर कपडा नवा असला तरी उसवतो.

या मुलांच्या स्नायूत ती दुहेरी शिलाईच नसते. रोजच्या साध्या हालचालीनेही पापुद्रा जागोजाग फाटतो. बाहेरचे कॅल्शियम आत शिरते, आतली द्रव्ये रक्तात गळतात आणि धागा मरतो.

निसर्गाने यावर दुरुस्तीची सोयही केली आहे. स्नायूच्या धाग्यांना चिकटून काही राखीव पेशी झोपलेल्या असतात. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांनी त्या सूक्ष्मदर्शकातून प्रथम दाखवल्या. त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. धागा फाटला की त्या जाग्या होतात, वाढतात आणि नवा धागा बांधतात. आपण दिवसभर हमाली केली, दुसऱ्या दिवशी अंग दुखले आणि चार दिवसांनी बरे वाटले, तर ते काम या पेशींचे.

पण ड्यूशेनच्या मुलात नवा बांधलेला धागाही त्याच चुकीच्या नमुन्यावर बांधला जातो. तोही फाटतो. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा फाटणे. असे वर्षानुवर्षे चालले की राखीव पेशी थकतात, सूज कायम राहते आणि स्नायूच्या जागी चरबी व तंतू भरत जातात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी दुरुस्तीचा वेग आणि फाटण्याचा वेग जवळजवळ सारखा असतो. म्हणून त्या वयात मूल "सुधारते आहे" असेही वाटते. पुढे फाटणे वरचढ ठरते. उपचार न मिळाल्यास बहुतेक मुलांचे चालणे बाराव्या वर्षाच्या सुमारास थांबते. त्यानंतर श्वासाचे स्नायू आणि हृदय यांच्यावर परिणाम दिसू लागतो.

अक्षरांची चूक

आता मुळाकडे जाऊ. आपल्या प्रत्येक पेशीत डी.एन.ए. नावाचा धागा आहे. शरीर कसे बांधायचे याचे ते पुस्तक. त्यात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत आणि अक्षरांचे प्रकार मात्र चारच. या पुस्तकातील एकेक धडा म्हणजे एकेक जनुक. डिस्ट्रॉफिनचा धडा आपल्या शरीरातल्या सर्वांत लांब धड्यांपैकी एक. त्यात सुमारे २२ लाख अक्षरे आहेत. पण प्रत्यक्ष प्रथिन बांधायला लागणारी अक्षरे फक्त अकरा हजारांच्या आसपास आणि तीही ७९ तुकड्यांत विखुरलेली. धडा एवढा लांब, म्हणून त्यात चूक होण्याची शक्यताही जास्त.

पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटाने वाचते. समजा मजकूर असा आहे: कमल बदक गगन मगर. यातला "बदक" हा पूर्ण शब्द गळला तर राहते, कमल गगन मगर. एक शब्द कमी झाला, पण पुढचे वाचता येते. आता फक्त "ब" हे एकच अक्षर गाळून पुन्हा तीन-तीनने वाचा: कमल दकग गनम गर. पुढचे सारे निरर्थक झाले. पहिल्या प्रकारची चूक असेल तर तोकडे का होईना, पण कामचलाऊ डिस्ट्रॉफिन बनते आणि आजार सौम्य राहतो. त्याला बेकर प्रकार म्हणतात. त्यातली माणसे पुष्कळदा मोठेपणीही चालतात, कामधंदा करतात. दुसऱ्या प्रकारची चूक असेल तर डिस्ट्रॉफिन बनतच नाही. तो ड्यूशेन. किती अक्षरे गळली यापेक्षा ती कशी गळली, याला महत्त्व आहे.

चूक होते कशी? दुरुस्त कोण करते?

डी.एन.ए. अखंड, अभेद्य असतो असे पूर्वी शास्त्रज्ञांना वाटे. स्वीडनचे टॉमस लिंडाल यांनी दाखवून दिले, की तो सतत झिजत असतो. उष्णता, पाणी, आपण घेतो तो प्राणवायू, सूर्याचे किरण, तंबाखूचा धूर, हे सारे त्याला इजा करतात. एकेका पेशीत रोज दहा हजारांहून अधिक लहान इजा होतात. मग आपण जिवंत कसे? कारण पेशीत दुरुस्ती करणारी प्रथिने रात्रंदिवस कामावर असतात. कोणी खराब अक्षर काढून नवे बसवते, कोणी नक्कल करताना झालेली चूक खोडते, कोणी तुटलेले धागे पुन्हा जोडते. या शोधांसाठी लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यातले संजार हे तुर्कस्तानातल्या सावुर या लहान गावचे. आई-वडील शिकलेले नव्हते, पण मुलांनी शिकलेच पाहिजे हा त्यांचा आग्रह होता.

स्नायूंपुरते बोलायचे तर ही दुरुस्ती फार मोलाची. स्नायूचा धागा एकदा तयार झाला की त्यातली केंद्रके पुन्हा विभागत नाहीत. तो वर्षानुवर्षे तसाच काम करतो. त्यातल्या डी.एन.ए.ची देखभाल झाली नाही तर त्या जागी नवी केंद्रके आणायला राखीव पेशीच लागतात. वय वाढते तसे राखीव पेशींच्या डी.एन.ए.मध्येही इजा साठत जातात आणि त्यांचे काम मंदावते. म्हातारपणी मांड्या बारीक होण्यामागे जी अनेक कारणे आहेत, त्यांतले हे एक मानतात. ड्यूशेनच्या मुलाच्या वाट्याला मात्र हा थकवा लहानपणीच येतो. सततच्या सुजेमुळे डी.एन.ए.ला होणारी इजा वाढते आणि दुरुस्ती करणाऱ्या पेशींनाच दुरुस्तीची गरज पडते.

दुरुस्तीचे हे खाते कितीही दक्ष असले तरी क्वचित एखादी चूक निसटते. ती त्वचेच्या किंवा स्नायूच्या एखाद्या पेशीत निसटली तर तिथेच राहते. पण आईच्या बीजांडात किंवा बापाच्या शुक्रबीजात निसटली, तर ती पुढच्या पिढीच्या प्रत्येक पेशीत उतरते. अशी चूक कोणत्याही माणसात होऊ शकते. मग तो गरीब असो, श्रीमंत असो, कोणत्याही जातीचा, धर्माचा, देशाचा असो. तिचा मागच्या जन्मीच्या पापाशी, ग्रहणाशी, नजर लागण्याशी किंवा गरोदरपणी काय खाल्ले याच्याशी काडीचाही संबंध नाही.

आई दोषी नाही

डिस्ट्रॉफिनचे जनुक "एक्स" या गुणसूत्रावर असते. बाईकडे एक्स दोन असतात, पुरुषाकडे एक. बाईच्या एका एक्सवर चूक असली तरी दुसरा काम भागवतो. म्हणून ती बहुधा निरोगी दिसते. तिला वाहक म्हणतात. मुलाला आईकडून एकच एक्स मिळतो. तो चुकीचा निघाला तर सांभाळून घ्यायला दुसरा नाही. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही निम्मी. हा जोगवा प्रत्येक वेळी नव्याने पडतो. पहिल्याला झाला म्हणून दुसरा सुटेल, असा हिशेब नाही.

पण इथे थांबू नका. पुढचे नीट वाचा. ड्यूशेनच्या साधारण एक तृतीयांश मुलांत आई वाहक नसतेच. चूक त्या मुलापाशीच नव्याने झालेली असते. हे गणित जे.बी.एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९३५ साली अशाच दुसऱ्या आजाराबद्दल, म्हणजे हिमोफिलियाबद्दल मांडले होते. हेच हाल्डेन पुढे भारतात येऊन स्थायिक झाले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. उरलेल्या दोन तृतीयांश मुलांत आई वाहक असते. पण तिलाही ती चूक कुणाकडून तरी मिळालेली असते. कधी तिच्या आईकडून, तर कधी तिच्या वडिलांच्या बीजात ती नव्याने झालेली असते. आता सांगा, दोष कुणाचा? सुनेला घालून पाडून बोलणाऱ्या सासूबाईंनी आणि "तुझ्याच माहेरचा रोग" म्हणणाऱ्या नवऱ्याने एवढे लक्षात घ्यावे: बीजांडात अक्षर गळणे हे बाईच्या हातात नसते, जसे आपले नाक-डोळे आपल्या हातात नसतात. या कारणावरून बायकोला माहेरी धाडणे, दुसरे लग्न करणे हे शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही धरून नाही. शिवाय अशा मुलाला उचलण्या-बसवण्यापासून रात्री कूस बदलण्यापर्यंत जन्मभर सांभाळते कोण? तीच आई.

नात्यातल्या लग्नाबद्दलही विचारले जाते. ड्यूशेनचा संबंध मामा-आत्याच्या लग्नाशी नाही. मात्र याच्यासारखेच दिसणारे स्नायूंचे दुसरे काही आजार आहेत. त्यांत मुलीही सापडतात आणि त्यांचे प्रमाण नात्यातल्या लग्नाने वाढते. म्हणून नुसत्या दिसण्यावरून नाव ठरवू नये. तपासणी हवी.

तपासणीत होणारी मोठी चूक

पहिली तपासणी साधी रक्ताची. तिला सी.पी.के. म्हणतात. स्नायू फाटला की हे द्रव्य रक्तात गळते. निरोगी मुलात ते साधारण दोनशेच्या आत असते. ड्यूशेनच्या मुलात ते हजारोंनी, कधी दहा-वीस हजारही असते. ही तपासणी महाग नाही आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होते.

आता चूक कुठे होते ते पाहा. मुलाला ताप आला, रक्त तपासले आणि एस.जी.ओ.टी. व एस.जी.पी.टी. वाढलेले निघाले. लगेच "लिव्हरला सूज" म्हणून महिनोन्महिने उपचार सुरू होतात. ही दोन्ही द्रव्ये यकृतात असतात तशी स्नायूतही असतात. मुलाला कावीळ नाही, पण ही दोन वाढलेली आहेत आणि मूल चालण्यात मागे आहे, असे दिसले तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "साहेब, सी.पी.के. करून पाहू या का?" असे विचारण्यात कसलाही अपमान नाही. या एका प्रश्नाने दोन-तीन वर्षे वाचू शकतात.

सी.पी.के. फार वाढलेले असेल तर पुढे डी.एन.ए.ची तपासणी. दहांपैकी सहा-सात मुलांत जनुकाचा एखादा तुकडा गळालेला असतो. काहींत तो दुप्पट झालेला असतो. एम.एल.पी.ए. या तपासणीत हे दोन्ही कळते. त्यात काही न सापडल्यास जनुकाचे एकेक अक्षर वाचतात. यात निदान झाले तर स्नायूचा तुकडा काढून पाहण्याची गरज बहुधा पडत नाही. कोणती चूक आहे याचा कागद जपून ठेवा. नवी औषधे त्या कागदावरच ठरतात.

मुलाची चूक सापडली की आईचीही तपासणी करावी. ती वाहक निघाली तर मावशी आणि वयात आलेल्या बहिणीलाही सल्ला द्यावा. वाहक बाईच्या हृदयाचे स्नायू काही वेळा कमजोर होतात. म्हणून तिनेही दर काही वर्षांनी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून घ्यावा. आईचे रक्त निर्दोष निघाले तरी तिच्या काही बीजांडांत चूक लपलेली असू शकते. म्हणून पुढच्या गरोदरपणाआधी तज्ज्ञाचा सल्ला घ्यावाच. गर्भलिंग निदान हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारासाठी नोंदणी असलेल्या केंद्रात गर्भाची तपासणी करण्यास तोच कायदा परवानगी देतो. गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्यात ती करता येते. मग घाई होते, म्हणून आधीच विचारपूस करून ठेवावी. पुढे काय करायचे याचा निर्णय मात्र त्या बाईचा. त्यात कुणी बळजबरी करू नये.

उपचार काय?

खरे सांगायचे तर आजार मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. पण "काही उपयोग नाही, घरी घेऊन जा" हेही खरे नाही. तीस-चाळीस वर्षांपूर्वी अशी मुले विशीच्या आत जात. आज नीट काळजी घेतली तर पुष्कळ जण तिशी गाठतात, शिकतात, कामही करतात.

पहिले औषध स्टेरॉइडचे. प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकोर्ट. चालणे सुटण्याची वाट न पाहता, बहुधा चार-पाच वर्षांच्या वयात डॉक्टर ते सुरू करतात. त्याने चालण्याची दोन-तीन वर्षे वाढतात, पाठीचे वाकणे लांबते आणि श्वास टिकतो. प्रेडनिसोलोन स्वस्त आहे. वजन वाढणे, हाडे ठिसूळ होणे, उंची खुंटणे, डोळ्यांत मोतीबिंदू होणे असे त्रासही होतात. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे. आणि हे ठळकपणे लक्षात ठेवा: स्टेरॉइड एकाएकी बंद करू नये. गावी गेलो, गोळ्या संपल्या, चार दिवस दिल्या नाहीत, असे झाल्यास जिवावर बेतू शकते. त्याआधी लसी पूर्ण करून घ्याव्यात.

दुसरी गोष्ट व्यायामाची. "ताकद येईल" म्हणून अशा मुलाकडून बैठका, उड्या, डोंगर चढणे-उतरणे करून घेऊ नका. जिना चढण्यापेक्षा उतरताना स्नायूवर जास्त ओढ बसते आणि फाटणे वाढते. मात्र बसूनही ठेवू नका. दमणार नाही इतके चालणे, पाण्यात पोहणे, आणि रोज सकाळ-संध्याकाळ घोट्याचा पाय वर ओढून दहा-पंधरा मिनिटे ताण देणे, एवढे आई-बापालाही करता येते. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावे. खेळल्यावर लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

तिसरी गोष्ट हृदयाची. निदान झाल्यापासून दरवर्षी इको करावा. मूल धावत-चालत असले तरीही. दहाव्या वर्षाच्या आसपास हृदयाला आधार देणारी औषधे सुरू करतात. ती महाग नसतात. पुढे सकाळी डोके दुखणे, झोपेतून दचकून उठणे, दिवसा पेंग येणे ही श्वास कमी पडल्याची चिन्हे. त्यावर रात्री लावायचे श्वासाचे यंत्र मिळते.

चौथी गोष्ट भुलीची. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी, अगदी दात काढतानाही, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचे नाव सांगा. सक्सिनिलकोलिन नावाचे औषध आणि हुंगवून देण्याची काही भुलीची औषधे या मुलांत हृदय बंद पाडू शकतात. एका चिठ्ठीवर आजाराचे नाव लिहून मुलाच्या दप्तरात ठेवा.

नव्या औषधांबद्दल, आणि फसवणुकीबद्दल

वर्तमानपत्रात "क्रांतिकारी इलाज" वाचून आई-बाप घर विकायला निघतात. म्हणून नेमके सांगतो. गळालेल्या तुकड्याशेजारचा आणखी एक तुकडा झाकून उरलेली अक्षरे पुन्हा तीन-तीनच्या गटात बसवायची, अशी औषधे अमेरिकेत २०१६ पासून आहेत. पहिले औषध शंभरातल्या सुमारे तेरा मुलांनाच लागू पडते आणि त्याने होणारा लाभ थोडाच. निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर डिस्ट्रॉफिनचे तोकडे जनुक पाठवणारा उपचार २०२३ साली तिथे मंजूर झाला. त्याची किंमत ३२ लाख डॉलर होती. २०२५ साली तो घेतलेल्या, चालणे सुटलेल्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला.

तिसरा मार्ग वर सांगितलेल्या दुरुस्ती खात्याचाच उपयोग करतो. क्रिस्पर नावाच्या कात्रीने डी.एन.ए. नेमक्या जागी कापायचा आणि पेशीच्या दुरुस्तीकामाने तो जोडला जाताना चुकीचा मजकूर वगळला जाईल असे पाहायचे. २०१८ साली अमेरिकेत टेक्सास येथे एरिक ओल्सन यांच्या प्रयोगशाळेने हा आजार असलेल्या कुत्र्यांत असे करून स्नायूत डिस्ट्रॉफिन आणून दाखवले. विदर्भातल्या वाचकांना सिकलसेल चांगलाच परिचयाचा. त्या आजारावर याच कात्रीचा उपचार २०२३ अखेर इंग्लंड-अमेरिकेत मंजूर झाला. स्नायूंचे काम अवघड, कारण रक्ताच्या पेशी बाहेर काढून दुरुस्त करून परत घालता येतात, सारे स्नायू बाहेर काढता येत नाहीत. आशा आहे, पण ती अजून प्रयोगशाळेच्या दारात आहे.

आणि स्टेमसेलचे काय? "मूळ पेशी टोचतो, मूल चालेल" असे सांगून लाखो रुपये घेणारी दुकाने शहरांतून आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे, की रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज स्टेमसेल हा मान्य उपचार नाही आणि तो पैसे घेऊन विकणे गैर आहे. खऱ्या प्रयोगात रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की समजा, दाल में काला आहे.

हक्काच्या गोष्टी

२०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा नावानिशी समावेश आहे. शासकीय रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यू.डी.आय.डी. कार्ड काढून घ्या. अपंगत्व ४० टक्के वा अधिक असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा मुलाचा हक्क आहे. या मुलांपैकी बहुतेकांची बुद्धी शाबूत असते. काहींना वाचायला-शिकायला थोडा अधिक वेळ लागतो, एवढेच. वर्ग तळमजल्यावर घ्या, असे मुख्याध्यापकांना लेखी सांगा. "पाय चालत नाहीत, शाळेत जाऊन काय करणार?" असे म्हणून दप्तर काढून घेऊ नका. ज्याचे पाय थांबले त्याच्या हाती पुस्तक आणि संगणक तरी असलाच पाहिजे.

केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात ड्यूशेनचे नाव आहे आणि मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे त्याखालील एक केंद्र आहे. काय मदत मिळू शकेल याची चौकशी तिथे करावी. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, तेव्हा उठता-बसता त्रास होणारे मूल पुढे आणून दाखवा, लपवू नका.

शेवटी शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी दोन शब्द. अशा घरी जाताना "अजून चालत नाही का?" असे विचारण्यापेक्षा "आज मी याला शाळेत पोचवतो, तुम्ही इकोला नंबर लावा" असे म्हणा. मंडळाच्या, विहाराच्या कार्यक्रमात चाकाच्या खुर्चीसाठी एक फळी टाकून उतार करा. वस्तीतले चार तरुण जिन्यावरून खुर्ची उचलायला उभे राहिले, तर त्या आईच्या पाठीवरचे निम्मे ओझे उतरते. पेशीतली ती एक चूक आज आपल्याला खोडता येत नाही. त्या आईला लावलेला बोल मात्र आजच खोडता येतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.